ज्या दिवशी एकही बिल नाही, तो दिवस रिपोर्टमध्ये कसा आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात चाटी गल्लीतल्या चादर-टॉवेलच्या दुकानाचं बिलिंग मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर चालतं. ११ ते १७ जानेवारी २०२५ ची दिवसवार विक्री मागितली तर सातऐवजी पाचच ओळी येतात. १४ आणि १६ तारीख गायब. ग्राफही १३ वरून सरळ १५ वर उडी मारतो. सातही दिवस दिसावेत, विक्री नसेल तिथे शून्य यावं, आणि पुढे हाच रिपोर्ट तीन दुकानांसाठी चालावा.

आधी कारण बघू. ग्रुप बाय टेबलात ज्या तारखा सापडतात त्यांचेच गट पाडतो. १४ तारखेचं बिलच नसेल तर त्या तारखेचा गट पडत नाही आणि ओळ तयार होत नाही. म्हणूनच बेरजेभोवती कोअलेस किंवा इफनल लावून काही उपयोग होत नाही. ही फंक्शन्स आलेल्या ओळीतली रिकामी जागा भरतात, आणि इथे ओळच आलेली नाही. तेव्हा तारखा बिलांच्या टेबलातून मागायच्याच नाहीत. त्या बाहेरून आणायच्या आणि बिलं त्यांना आणून चिकटवायची.

मायएसक्यूएल ८ मध्ये क्वेरी अशी होईल. कीवर्ड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. एडिटरमध्ये ते नेहमीसारखे रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाका.

विथ रिकर्सिव्ह दिवस (ता) अ‍ॅज (
  सिलेक्ट कास्ट('२०२५-०१-११' अ‍ॅज डेट)
  युनियन ऑल
  सिलेक्ट ता + इंटरव्हल १ डे फ्रॉम दिवस
  व्हेअर ता < '२०२५-०१-१७'
)
सिलेक्ट दि.ता,
  कोअलेस(सम(बि.रक्कम), ०) अ‍ॅज विक्री,
  काउंट(बि.बिल_क्र) अ‍ॅज बिलसंख्या
फ्रॉम दिवस दि
लेफ्ट जॉइन बिले बि
  ऑन बि.वेळ >= दि.ता
  अँड बि.वेळ < दि.ता + इंटरव्हल १ डे
  अँड बि.रद्द = ०
ग्रुप बाय दि.ता
ऑर्डर बाय दि.ता;

वरचा रिकर्सिव्ह भाग आपल्याच आधीच्या ओळीत एकेक दिवस मिळवत तारखा बनवतो, आणि लेफ्ट जॉइन बिल नसलं तरी डावीकडची तारीख ठेवतो. एवढ्याने सात ओळी येतील. पण ही क्वेरी उतरवून घेताना चार जागी हात घसरतो, आणि एकाही जागी एरर येत नाही, नुसतं उत्तर चुकतं.

सर्वांत जास्त वेळा फसवणारी जागा म्हणजे रद्द बिलांची अट. 'बि.रद्द = ०' ही ओळ सवयीने खाली व्हेअरमध्ये गेली की १४ आणि १६ पुन्हा गायब होतात. लेफ्ट जॉइनने १४ तारखेची ओळ आणलेली असते, पण तिच्यात बिलांचे सगळे कॉलम नल (म्हणजे किंमतच नाही, शून्यही नाही) असतात. नल = ० ही तुलना खरी ठरत नाही, म्हणून व्हेअर ती ओळ गाळतो. नाव लेफ्ट जॉइन, काम इनर जॉइनचं, म्हणजे दोन्हीकडे जोडी जमली तरच ओळ. नियम सोपा आहे: उजवीकडच्या टेबलावरची अट ऑनमध्ये, डावीकडच्या टेबलावरची व्हेअरमध्ये.

दुसरी जागा काउंटची. काउंट(*) ओळी मोजतो. बिल नसलेल्या दिवशीही नल भरलेली एक ओळ असतेच, त्यामुळे विक्री शून्य आणि बिलं मात्र १ असा रिपोर्ट निघतो. मोजायचा तो बिलांच्या टेबलातला कधीही नल नसणारा कॉलम, म्हणजे बिल_क्र.

तिसरी जागा वेळेची. 'बिट्वीन ११ आणि १७' लिहिलं आणि कॉलममध्ये तारखेबरोबर वेळही असेल, तर १७ तारीख मध्यरात्री ००:०० लाच संपते. १७ ची दिवसभराची विक्री बाहेर राहते. म्हणून सुरुवात '>=' ने आणि शेवट दुसऱ्या दिवसाच्या '<' ने धरायचा. याऐवजी डेट(बि.वेळ) = दि.ता असं लिहिता येतं, उत्तरही बरोबर येतं, पण कॉलमभोवती फंक्शन आलं की वेळेवरचा साधा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून केलेली सूची) वापरला जात नाही. हजार-दोन हजार बिलांत ते जाणवणार नाही, पाच-सहा वर्षांची बिलं साठली की रिपोर्ट रेंगाळायला लागेल.

चौथी जागा रिकर्सिव्ह भागातलं '<' चिन्ह. तिथे '<=' टाकलं तर १७ तारीखही अटीत बसते, तिच्यात एक दिवस मिळवला जातो आणि १८ ची फुकटची ओळ येते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते तरी.

कास्ट का घातला, तर मायएसक्यूएल रिकर्सिव्ह क्वेरीतल्या कॉलमचा प्रकार पहिल्या सिलेक्टवरून ठरवतो. तिथे नुसती अवतरणातली तारीख दिली की तो कॉलम मजकूर समजला जातो. पुढे तुलना करताना कधी चालून जातं, कधी नाही. तो धोका घेऊच नये.

आता मर्यादा. मायएसक्यूएलमध्ये रिकर्शनची मूळ मर्यादा १००० आहे. म्हणजे पावणेतीन वर्षांपर्यंतच्या तारखा निघतात, त्यापुढे ३६३६ क्रमांकाची एरर येते. सीटीई_मॅक्स_रिकर्शन_डेप्थ हे सेशन व्हेरिएबल वाढवलं की सुटते. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हीच मर्यादा अवघी १०० आहे, त्यामुळे तिथे गंमत होते: तिमाहीचा रिपोर्ट बिनबोभाट चालतो आणि सहामाहीला ५३० क्रमांकाच्या एररने कोसळतो. तिथे क्वेरीच्या अगदी शेवटी ऑप्शन (मॅक्सरिकर्शन ४००) असं काही द्यावं लागतं, ० दिलं तर मर्यादाच उठते. एसक्यूएल सर्व्हर २०२२ मध्ये जनरेट_सिरीज आलं आहे, पण ते फक्त आकडे देतं. त्यावर डेटअ‍ॅड लावून तारीख करायची.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये काम सर्वांत हलकं. जनरेट_सिरीजला दोन तारखा आणि '१ डे' दिलं की यादी तयार. फक्त परत मिळतो तो टाइमस्टॅम्प, म्हणून मागे डेटमध्ये कास्ट करायला विसरू नका. ओरॅकलवाले ड्युअलवर कनेक्ट बाय लेव्हल वापरतात. एसक्यूलाइटमध्ये ३.८.३ पासून रिकर्सिव्ह विथ चालतं. आणि एखाद्या जुन्या मशीनवर अजून मायएसक्यूएल ५.७ असेल, तर तिथे विथ नाहीच. ० ते ९ आकड्यांचं दहा ओळींचं टेबल करायचं, ते तीनदा घेऊन एकमेकांशी क्रॉस जॉइन करायचं (प्रत्येक ओळीची प्रत्येकीशी जोडी), एकक + १० × दशक + १०० × शतक असं गणित मांडून ० ते ९९९ मिळवायचे आणि तेवढे दिवस सुरुवातीच्या तारखेत मिळवायचे. ओबडधोबड आहे, पण वेगवान आहे.

मात्र रिपोर्ट रोजचा असेल तर दर वेळी तारखा जन्माला घालण्यापेक्षा दिनदर्शिकेचं कायमचं टेबल करून ठेवा. १ जानेवारी २०२० ते ३१ डिसेंबर २०२९ म्हणजे ३,६५३ ओळी, डेटाबेसला याचं ओझं काहीच नाही. भरताना ती १००० ची मर्यादा आडवी येईल, ती आधी ५००० करून घ्या. तारीख ही प्रायमरी की. सोबत वार, महिना, आर्थिक वर्ष आणि 'बंद' असे कॉलम ठेवा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलतं हे गणित एकदाच, इथेच करून टाकायचं. दर क्वेरीत 'महिना ४ पेक्षा लहान असेल तर' लिहीत बसलं की कुठेतरी मार्चची विक्री पुढच्या वर्षात जाते. वाराच्या आकड्याबाबतही सावध राहा. मायएसक्यूएलच्या डेऑफवीकमध्ये रविवार १ असतो, वीकडेमध्ये सोमवार ०, पोस्टग्रेसच्या डाऊमध्ये रविवार ०. वाराचं नाव सरळ 'रविवार' असं मजकूर म्हणून साठवलं की वादच मिटतो.

'बंद' कॉलमचं मोल वेगळंच आहे. संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. त्या दिवसांत कुणाचं दुकान बंद, कुणाचं रात्री उशिरापर्यंत उघडं. असल्या सुट्ट्या कुठल्याही तयार यादीत मिळत नाहीत, आपल्या आपणच नोंदवाव्या लागतात. दुकानागणिक सुट्टी वेगळी असेल तर दुकान आणि तारीख अशा जोडीचं वेगळं छोटं टेबल बरं.

आणि इथेच मूळ प्रश्नातल्या 'शून्य यावं' या दोन शब्दांपाशी थांबायला हवं. समजा, १४ तारखेला संक्रांतीमुळे दुकान बंद होतं. १६ ला दुकान उघडं होतं, बिलंही झाली, पण नेट गेल्यामुळे ती मुख्य सर्व्हरवर आलीच नाहीत. क्वेरी दोन्ही दिवसांपुढे शून्यच छापणार. मालक १६ चं शून्य बघून काउंटरवरच्या माणसाला धारेवर धरणार, आणि त्याचा काही दोष नसणार. म्हणून विक्रीशेजारी 'स्थिती' असा कॉलम काढा. केसमध्ये क्रमाने विचारा: बिलसंख्या शून्यापेक्षा जास्त असेल तर 'विक्री', नाहीतर दिनदर्शिकेत बंद असेल तर 'बंद', नाहीतर त्या दिवसाचा सिंक (दुकानातली बिलं मुख्य सर्व्हरवर पोचणं) पूर्ण झाल्याची नोंद नसेल तर 'डेटा आला नाही', आणि यातलं काहीच नसेल तर 'विक्री नाही'. 'डेटा आला नाही' असलेल्या दिवशी रकमेत शून्य न घालता नलच ठेवा. सिंकची नोंद ठेवणारं टेबल नसेल तर ते आधी करा. दिवस, दुकान, पूर्ण झाल्याची वेळ, एवढे तीन कॉलम पुरतात.

शून्य कुठे चालतं आणि कुठे नाही, याची कसोटी आकड्याच्या जातीवर आहे. विक्री, बिलसंख्या, आवक, यंत्रमागावर निघालेले नग हे दिवसभरात घडणारे आकडे. काही घडलं नाही तर शून्य हेच खरं उत्तर. भावाचं तसं नाही. मार्केट यार्डात लिलाव नसेल त्या दिवशी कांद्याची आवक शून्य बरोबर आहे, पण दर शून्य कसा असेल? समजा सर्वसाधारण दर शनिवारी १,८०० रुपये क्विंटल, रविवारी लिलाव नाही, सोमवारी १,७००. नल ठेवला तर एव्हीजी त्याला वगळतं आणि सरासरी १,७५० येते. शून्य भरलं तर तीच सरासरी सुमारे १,१६७ वर घसरते. शेतकऱ्याला दाखवायचा आकडा असा चुकला तर त्याला डेटाबेसची चूक म्हणून कुणी माफ करणार नाही.

तिसरी जात साठ्याची: गोदामातला माल, खात्यातली शिल्लक, धरणातलं पाणी. एखाद्या दिवसाची नोंद राहिली म्हणून उजनीचा साठा त्या दिवशी शून्य होऊन दुसऱ्या दिवशी परत भरत नाही. उलट उजनीच्या बाबतीत शून्य टक्के हा खरोखरचा अर्थ असलेला आकडा आहे. उपयुक्त साठा संपला की तो उणे टक्क्यांतही जातो. तिथे क्वेरीने भरलेलं शून्य आणि मोजलेलं शून्य एकत्र झालं तर ते वेगळं काढता येणार नाही.

साठ्याला मागचा आकडा पुढे ओढावा लागतो. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ मध्ये लास्ट_व्हॅल्यूला इग्नोर नल्स जोडता येतं. मायएसक्यूएल ८ मध्ये ते नाही, म्हणून दोन पायऱ्यांची युक्ती आहे. समजा टॉवेलचा साठा शनिवारी १२० डझन, रविवार-सोमवारी नोंद नाही, मंगळवारी ९५. दिनदर्शिकेशी जॉइन झाल्यावर कॉलम असा दिसतो: १२०, नल, नल, ९५. आता काउंट(साठा) ओव्हर (ऑर्डर बाय ता) काढा. काउंट नल मोजत नाही, त्यामुळे चढता आकडा १, १, १, २ असा येतो. म्हणजे शनिवार ते सोमवार हा एक गट झाला आणि त्यात खरा आकडा एकच आहे. बाहेरच्या क्वेरीत मॅक्स(साठा) ओव्हर (पार्टिशन बाय गट) घेतलं की १२०, १२०, १२०, ९५ मिळतं. अनेक दुकानं किंवा माल असेल तर दोन्ही पायऱ्यांच्या पार्टिशनमध्ये तेही घाला, नाहीतर एका दुकानाचा साठा दुसऱ्याच्या खात्यात ओघळतो.

या युक्तीत एक भोक आहे. मागितलेल्या पहिल्याच दिवशी नोंद नसेल तर गट ० येतो आणि तो नलच राहतो, कारण आधीचा आकडा कालावधीच्या बाहेर राहिला. सुरुवातीच्या तारखेआधीची शेवटची नोंद वेगळी काढून आरंभीची शिल्लक म्हणून जोडा. ओढून आणलेला आकडा आणि मोजलेला आकडा वेगळे कळावेत म्हणून एक खूणही ठेवा. सलग दहा-पंधरा दिवस १२० दिसले तर माल हलला नाही की कुणी मोजलंच नाही, हे नंतर त्या खुणेशिवाय समजत नाही.

आता तीन दुकानं. इथे बहुतेकांची पहिली क्वेरी चुकते: दिनदर्शिकेला बिलं लेफ्ट जॉइन केली आणि तारीख व दुकान यांवर गट पाडले. १४ ला चाटी गल्लीचं बंद असेल, पण नव्या पेठेतल्या दुकानात बिलं झाली असतील, तर १४ तारखेला जोडी सापडली म्हणून डेटाबेस खूश. चाटी गल्लीची ओळ येतच नाही. आणि तिन्ही बंद असतील त्या दिवशी दुकानाच्या जागी नल असलेली एक अनाथ ओळ येते. तारखा आणि दुकानं यांची सगळी जोडपी आधी बनवायला हवीत:

फ्रॉम दिनदर्शिका दि
क्रॉस जॉइन दुकाने दु
लेफ्ट जॉइन रोजची_विक्री वि
  ऑन वि.ता = दि.ता अँड वि.दुकान_क्र = दु.दुकान_क्र
व्हेअर दि.ता बिट्वीन '२०२५-०१-११' अँड '२०२५-०१-१७'
  अँड दि.ता >= दु.सुरू_ता

इथल्या दोन्ही अटी डावीकडच्या टेबलांवर आहेत, म्हणून व्हेअरमध्ये चालतात. बिट्वीनही चालतं, कारण दिनदर्शिकेत निव्वळ तारीख आहे, वेळ नाही. 'सुरू_ता' विसरलात तर गेल्या महिन्यात उघडलेल्या दुकानापुढे वर्षभराची शून्यं लागतील आणि त्याची सरासरी बघून ते बंद करायची चर्चा सुरू होईल. तीन दुकानं गुणिले ३६५ म्हणजे १,०९५ ओळी, किरकोळ. पण त्यात ४०० प्रकारचा माल गुंफला की ४,३८,००० होतात. तेवढी जोडपी खरंच छापायची आहेत का, हे आधी ठरवा.

रोजची_विक्री ही वेगळी उपक्वेरी: बिलांची दुकान आणि तारखेनुसार आधी बेरीज करायची, मग जोडायची. कारण विक्रीसोबत परत आलेला मालही त्याच रिपोर्टमध्ये हवा असतो. एका दिवशी ४ बिलं आणि ३ परतावे असतील आणि दोन्ही टेबलं थेट दिनदर्शिकेला जोडली, तर १२ ओळी होतात. विक्री तिप्पट, परतावा चौपट. प्रत्येक टेबलाची बेरीज आधी दिवसाला एका ओळीवर आणली की हा गुणाकार होत नाही.

सर्व्हर क्लाउडवर असेल तर वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठलेली असते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून आपली १४ तारीख यूटीसीत १३ च्या १८:३० ला सुरू होते आणि १४ च्या १८:३० ला संपते. हे न सांभाळता गट पाडले तर रात्री १२ ते पहाटे साडेपाचची बिलं आदल्या दिवशी मोजली जातात. चादरीच्या दुकानाला एरवी फरक पडणार नाही, गड्ड्यावर रात्री उशिरापर्यंत स्टॉल चालवणाऱ्याला पडेल. कॉलम बदलण्यापेक्षा दिवसाच्या दोन्ही सीमा यूटीसीत न्या, इंडेक्स शाबूत राहतो. कन्व्हर्ट_टीझेड वापरताना '+०५:३०' असं लिहा. 'एशिया/कोलकाता' हे नाव दिलं आणि मायएसक्यूएलमध्ये टाइमझोनची टेबलं भरलेली नसतील, तर ते एरर न देता गुपचूप नल परत करतं. भारतात घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड नसल्याने ठरावीक फरक लिहिणं इथे सुरक्षित आहे.

महिनावार रिपोर्ट करताना यादी नेहमी १ तारखेपासून चालवा. ३१ जानेवारीपासून एकेक महिना मिळवत गेलात तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल २८ फेब्रुवारीवर येतात आणि पुढे २८ मार्च, २८ एप्रिल असे तिथेच अडकतात. एसक्यूलाइट तर २०२५ च्या ३१ जानेवारीत एक महिना मिळवून ३ मार्च देतो, म्हणजे फेब्रुवारीच नाही.

सात दिवसांची चालती सरासरी हवी असेल तर ती तारखा भरल्यानंतरच काढा. 'रोज (ROWS, म्हणजे ओळी) बिट्वीन ६ प्रिसीडिंग अँड करंट रो' हे सात ओळी मोजतं, सात दिवस नाही. मध्ये दोन तारखा नसतील तर ती नऊ दिवसांची सरासरी होते. आधीच्या ओळीचा आकडा देणाऱ्या लॅगचंही तसंच, 'काल' म्हणून परवाचा आकडा हातात येतो.

क्वेरी झाली की दोन गोष्टी ताडून बघा. ओळींची संख्या म्हणजे शेवटची तारीख वजा पहिली तारीख अधिक १, आणि ती गुणिले दुकानं. इथे ७ गुणिले ३, म्हणजे २१. मधेच उघडलेलं दुकान असेल तर त्याचे आधीचे दिवस वजा. मग विक्रीची एकूण बेरीज बिलांच्या टेबलावर थेट सम चालवून, तीच रद्दची अट लावून, जुळवा. रिपोर्टची बेरीज जास्त आली तर जॉइनमध्ये गुणाकार झालाय. कमी आली तर आधी शेवटचा दिवस तपासा, मग टाइमझोन, आणि मग दुकान_क्र नल असलेली बिलं शोधा. ती कुठल्याच जोडप्याला चिकटत नाहीत.